गच्चीवरची ३ किलोवॅटची सौर यंत्रणा: चंद्रपुरातील एका वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

चंद्रपुरातील आमच्या घराच्या गच्चीवर ३.२४ किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत रोज सूर्यास्तानंतर मी पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरवरचा त्या दिवसाच्या निर्मितीचा आकडा वहीत नोंदवला. माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रांत झाली. तासातासाला लॉगशीट भरणाऱ्या माणसाला नोंदीशिवाय कोणत्याही यंत्राबद्दल मत देणे पटत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात दोन-तीन परिचितांनी ‘कशी आहे यंत्रणा’ असे विचारले, तेव्हा एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, मग सांगतो, असे उत्तर मी दिले होते. हे ते उत्तर आहे.

या परीक्षणात मला दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत. घातलेले पैसे वसूल होतात का, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आमच्या गच्चीमुळे नेमका किती कोळसा जळायचा थांबला, हा दुसरा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. मात्र ज्या जिल्ह्यात कोळसा निघतो, तिथेच जळतो आणि त्याची राखही तिथेच साठते, त्या जिल्ह्यात राहणाऱ्या मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

यंत्रणेची माहिती आधी देतो. प्रत्येकी ५४० वॉटचे सहा मोनो पर्क (एकस्फटिकी सिलिकॉन सेलचे) पॅनेल, ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा सांगाडा आणि दोन्ही दिशांची वीज मोजणारा नेट मीटर, असे तिचे स्वरूप आहे. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेचे अनुदान हवे असेल तर पॅनेलमधील सेलही भारतातच बनलेले असावे लागतात, तसे ते आहेत. मूळ किंमत १ लाख ९५ हजार रुपये झाली. सांगाडा आठ फूट उंच करून घेण्याचे १८ हजार रुपये वेगळे पडले. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती यंत्रणेला मिळणारे ७८ हजार रुपयांचे अनुदान थेट बँक खात्यात जमा झाले. म्हणजे आमच्या खिशातून १ लाख ३५ हजार रुपये गेले. आता खरेदी करणाऱ्यांसाठी एक फरक झाला आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दरपत्रक घेताना तो कमी झालेला दिसतो की नाही, हे अवश्य पाहावे.

पॅनेल आणि इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. इतक्या लहान यंत्रणेत नामांकित उत्पादनांमधला फरक थोडा असतो आणि बसवणाऱ्यांच्या कामातला फरक फार मोठा असतो, हे मला या वर्षात पुरते कळले. आमचे काम ज्या एजन्सीने केले तिने सहा आठवडे सांगून अकरा आठवडे लावले. त्याहून गंभीर बाब अर्थिंगची होती. पॅनेलच्या बाजूची डीसी यंत्रणा, घराच्या बाजूची एसी यंत्रणा आणि तडितरक्षक या तिघांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंगचे खड्डे हवेत. त्यांच्या माणसांनी एकाच खड्ड्यात तिन्ही तारा उतरवायला घेतल्या होत्या. मी शेजारी उभा होतो आणि माझा व्यवसायच तो होता म्हणून ते काम पुन्हा करून घेता आले. ज्यांना यातले कळत नाही त्यांनी निदान एवढे करावे: काम पूर्ण होण्याआधी खड्डे स्वतः मोजावेत, प्रत्येक खड्ड्याच्या अर्थ रेझिस्टन्सचे (वीज जमिनीत किती सहज उतरते याचे) मोजमाप समोर करून घ्यावे आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा. जून महिन्यात विदर्भात विजा कशा पडतात हे इथल्या कोणाला सांगायला नको.

सांगाड्यावरचा वाढीव खर्च मात्र सार्थकी लागला. पॅनेल गच्चीला टेकवून बसवले असते तर उन्हाळ्यातल्या कुरडया, शेवया आणि सांडगे वाळवायला जागाच उरली नसती, शिवाय खालून वारा न खेळल्याने पॅनेल अधिक तापले असते. आता पॅनेलच्या खाली सावली पडते आणि मेमध्ये खालच्या खोलीचे छत पूर्वीइतके तापत नाही. वानरांचा उपद्रव होईल अशी भीती होती. ती येतात, कठड्यावर बसतात, पण उतरत्या गुळगुळीत काचेवर त्यांचे पाय ठरत नाहीत. आजवर एकही पॅनेल फुटलेला नाही.

आता निर्मिती. वर्षभरात एकूण ४,००८ युनिट वीज तयार झाली, म्हणजे दिवसाला सरासरी ११ युनिट. या सरासरीवर विसंबून मात्र कोणी खरेदी करू नये, कारण तिच्यामागे मोठे चढउतार लपलेले आहेत. मार्चमध्ये दिवसाला सरासरी १३.६ युनिट मिळाले आणि जुलैमध्ये अवघे ६.९. पुष्कळांची समजूत असते की ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. चंद्रपुरात मेमध्ये पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो, तरीही आमचा मेचा आकडा १२.६ होता, मार्चपेक्षा आणि एप्रिलच्या १३.४ पेक्षाही कमी. याचे कारण असे की पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची नोंदवलेली क्षमता सेलचे तापमान २५ अंश धरून काढलेली असते आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. मेच्या दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापला की चौदा टक्के क्षमता तिथेच जाते. कंपनीचा प्रतिनिधी दिवसाला पंधरा युनिटांचे आश्वासन देत असेल तर त्याला मेचा आणि जुलैचा आकडा स्वतंत्रपणे लिहून मागावा.

उष्णतेहून मोठा प्रश्न धुळीचा आहे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. फेब्रुवारीत आम्ही आठ-दहा दिवस बाहेरगावी होतो आणि परतल्यावरही आळसाने पॅनेल धुतले नाहीत. असे तीन आठवडे गेले. निरभ्र दिवशी ११.९ युनिट निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनेल धुतले, आकाश तसेच निरभ्र होते, आणि त्या दिवशी १३.५ युनिट निघाले. तीन आठवड्यांच्या धुळीने सुमारे १२ टक्के वीज अडवून धरली होती. धुतलेले पाणी नळीने पन्हाळीत उतरताना काळपट राखाडी दिसते आणि बोटांत चोळले तर पिठासारखे मऊ लागते. ही धूळ कोणा एकाची आहे असे मी म्हणणार नाही: शहराभोवती उघड्या खाणी आहेत, कोळशाचे ट्रक आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, उखडलेले रस्ते आहेत आणि राखही आहे. गच्चीवर वाळवण घातले की वर पातळ धोतर पसरायचे, ही आमच्या घरची रीत सौर पॅनेल येण्याच्या कितीतरी आधीची आहे. अंगावर बसणारी ही धूळ आम्ही वर्षानुवर्षे झटकत आलो. ती किती बसते याचे मोजमाप मात्र पॅनेलमुळे पहिल्यांदा युनिटांत मिळाले.

धुण्याबाबत तीन गोष्टी अनुभवातून सांगतो. पॅनेल सूर्य वर येण्याआधी धुवावेत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते. बोअरचे जड पाणी वापरू नये. ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. आणि कापड मऊ असावे, कारण राखेचे कण काचेवर घासले गेले तर ओरखडे उठतात. पावसाळा सोडून दर पंधरवड्याला आम्ही पॅनेल धुतो, त्यासाठी एका वेळी साठ लिटर पाणी लागते.

ज्या शहरात हे परीक्षण लिहीत आहे त्याची थोडी ओळख बाहेरच्या वाचकांना करून द्यायला हवी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. शहराला लागून असलेल्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे पहिले दोन जुने संच निवृत्त झाले असून आज २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच असे सात संच, म्हणजे २,९२० मेगावॉट क्षमता, तिथे आहे. या परिसरातून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५० किलोमीटरहून लांब, १,५०० मेगावॉटची उच्चदाब एकदिश वाहिनी गेलेली आहे. मुंबई आणि तिच्या आसपासच्या उद्योगांना विदर्भातली वीज ज्या वाटांनी मिळते, त्यांतली ही एक. वीज तारेतून जाते, राख जात नाही.

राखेबद्दल बाहेर एक गैरसमज असतो आणि आमच्या क्षेत्रातले लोकही तो पुरेसा दूर करत नाहीत. चिमणीतून दिसणारा धूर विरळ झाला की प्रदूषण थांबले असे लोकांना वाटते. भट्टीतली उडणारी राख पकडण्यासाठी बसवलेले ईएसपी, म्हणजे विद्युतभारित पत्र्यांचे मोठे कक्ष, नीट चालवले तर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक राख धरून ठेवतात, हे खरे आहे. पण कोळशातल्या गंधकापासून बनणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू आहे. तो त्या पत्र्यांना चिकटत नाही, चिमणीतून वर जातो आणि पुढे हवेतच त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण फुप्फुसाच्या सर्वांत आतल्या भागापर्यंत पोहोचतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. हा वायू धुऊन काढणाऱ्या यंत्रणा बसवाव्या लागतील अशी उत्सर्जनमानके केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये अधिसूचित केली, आणि त्यांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश कोळसा केंद्रांना या यंत्रणेतून सूट मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रत्येक प्रकरण तपासून व्हायचा आहे. केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काम केलेला माणूस म्हणून मला हे फार लागले. कोळसा एका दिवसात बंद होणार नाही हे मी जाणतो, आणि नेमके त्याचमुळे तो जितकी वर्षे जळणार आहे तितकी वर्षे तो स्वच्छ जाळण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

यंत्रणेकडे परत येतो. औष्णिक केंद्रात एक युनिट विजेसाठी आपला देशी कोळसा साधारण ०.७ किलो लागतो. या हिशेबाने आमच्या गच्चीने वर्षभरात २.८ टन कोळशाची वीज तयार केली. देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते, म्हणजे जवळपास एक टन राख निर्माण झाली नाही. कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे तोही चार टन वाचला. पाण्याचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे: औष्णिक केंद्रांसाठी ठरवून दिलेली पाणीवापराची मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर आहे, त्यानुसार ४,००८ युनिटांना १४ हजार लिटर पाणी लागले असते, आम्ही पॅनेल धुवायला वर्षभरात सुमारे १,२०० लिटर वापरले. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या आकड्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय आमची वीज ज्या घरात तयार होते तिथेच किंवा शेजारच्या घरात वापरली जाते. केंद्राच्या स्वतःच्या पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्यांसाठी खर्च होणारे सात-आठ टक्के आणि वाटेतली गळती त्यात नाही.

हे आकडे वहीत मांडल्यावर समाधान वाटले. मग मी आणखी एक भागाकार केला. पूर्ण भाराने चालणारा ५०० मेगावॉटचा एक संच तासाला पाच लाख युनिट वीज तयार करतो. आमच्या गच्चीची वर्षभराची निर्मिती म्हणजे त्या एका संचाची २९ सेकंदांची निर्मिती. कंट्रोल रूममध्ये फोनवर कोणी ‘जरा थांबा’ म्हटले तर तेवढ्यात ती होऊन जाते. हा आकडा मी लपवत नाही, कारण एका घराने यंत्रणा बसवली की कोळशाची सद्दी संपली अशा थाटात सौर ऊर्जेची विक्री होते आणि ती खरेदी करणाऱ्याची दिशाभूल आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. प्रत्येक घराने आमच्याइतकी वीज तयार केली तर ती ४,००० कोटी युनिट होईल, म्हणजे चंद्रपूरसारखी दोन केंद्रे वर्षभर चांगल्या भाराने चालवून जेवढी मिळेल साधारण तेवढी. त्यातून तीन कोटी टनांच्या आसपास कोळसा वाचेल. देशातली वीज केंद्रे वर्षाला ८० कोटी टनांहून अधिक कोळसा जाळतात, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट आहे, आणि माझ्या मते कोळसा कमी करण्याच्या दृष्टीने ही योजना गच्चीवरच्या यंत्रणांहूनही महत्त्वाची आहे, कारण तिच्यात मागणीच सूर्याच्या वेळेत आणली जाते. रात्री दोन वाजता मोटार चालू करायला अंधारात शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास वाचतो तो निराळाच.

मागणीची वेळ हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि आमच्या यंत्रणेचा सर्वांत मोठा दोषही तिथेच आहे. ४,००८ युनिटांपैकी तयार होताच घरात वापरले गेले ते फक्त १,४५०. उरलेले २,५५८ युनिट दिवसा ग्रिडमध्ये गेले. आमचा वर्षाचा एकूण वापर ३,९०० युनिटांचा, म्हणजे संध्याकाळी आणि रात्री आम्ही ग्रिडकडून २,४५० युनिट परत घेतले. नेट मीटर दिलेले आणि घेतलेले युनिट एकमेकांतून वजा करतो आणि बिलावर जवळजवळ काहीच उरत नाही. पण रात्री साडेसातला आमच्या घरात कूलर, दिवे, टीव्ही आणि पाण्याची मोटार चालू असते तेव्हा ती वीज बहुतांशी कोळशाचीच असते. बिल शून्य झाले म्हणजे आमच्या घरामागचा कोळसा शून्य झाला, असे मानून मी स्वतःची फसवणूक करून घेणार नाही.

केंद्रात बसून हा प्रश्न कसा दिसतो ते सांगतो. दुपारी राज्यात सौर वीज भरपूर येऊ लागली की कोळशाच्या संचांना भार उतरवायला सांगितले जाते. पण कोळशाचा संच दिव्यासारखा बटणावर बंद-चालू होत नाही. तो एका मर्यादेखाली, साधारण ५५ टक्क्यांखाली, नेला की ज्योत अस्थिर होते आणि तेल पेटवून ती सांभाळावी लागते. ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे नियम २०२३ मध्ये आले आहेत. संच पूर्ण बंद करून थंड झाला तर पुन्हा लावायला कित्येक तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी सातच्या मागणीसाठी जो संच हवा आहे तो दुपारीही मंद आचेवर जळत ठेवावाच लागतो, आणि कमी भारावर त्याला युनिटमागे कोळसा जास्त लागतो. रोजच्या या चढउतारांनी बॉयलरच्या नळ्या लवकर फुटतात, हे वेगळे. म्हणून दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवण्याची सोय झाल्याशिवाय नुसत्या सौर पॅनेलने एकही मोठा संच कायमचा बंद करता येणार नाही. साठवणीची विद्या आपल्याकडे नवी नाही. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, जिथे मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढतात. सह्याद्रीत अशा जागा आहेत. त्या निवडताना जंगल आणि गावे यांचा विचार करावा लागेल हेही तितकेच खरे आहे.

घराच्या पातळीवर याचे उत्तर बॅटरी असलेली हायब्रीड यंत्रणा हे आहे. आम्ही ती घेतली नाही आणि खरेदीच्या वेळी ही गोष्ट मला पुरेशी स्पष्ट करून सांगितली गेली नव्हती, तेव्हा इथे ठळकपणे लिहितो: साधी ऑनग्रिड यंत्रणा वीजपुरवठा खंडित होताच बंद पडते. भर दुपारी, लख्ख उन्हात, लाइन गेली की आपले पॅनेलही शांत. हा दोष नाही, सुरक्षेची तरतूद आहे. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. ज्यांच्या भागात वीज वारंवार जाते आणि घरात वृद्ध किंवा आजारी माणूस आहे, त्यांनी सुरुवातीलाच हायब्रीड इन्व्हर्टरचे दरपत्रक घ्यावे. तो नंतर बदलायचा तर दुसऱ्यांदा खर्च होतो.

आमच्या शेजारचा एक मुलगा कोळसा हाताळणीच्या कामावर कंत्राटी आहे. पॅनेल चढवताना तो मदतीला आला होता. काम झाल्यावर चहा घेताना म्हणाला, “काका, सगळ्यांनीच असं लावलं तर आमचं कसं होईल जी?” मला त्याच्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही आणि तो प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. कायम कर्मचाऱ्याची बदली होते, त्याला निवृत्तिवेतन किंवा भविष्य निर्वाह निधी मिळतो. कंत्राटी कामगाराचा गेटपास रद्द झाला की त्याचे नावही कुठे उरत नाही. कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या चर्चेत मेगावॉट, टन आणि वर्षे येतात, पण वॅगन रिकामी करणारा, कन्व्हेअरखाली सांडलेला कोळसा भरणारा, राखेच्या पाइपलाइनवर फिरणारा माणूस येत नाही. माझे मत असे आहे की जुना संच बंद करण्याच्या आदेशाबरोबरच त्या संचावरच्या कंत्राटी कामगारांची नावानिशी यादी आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या कामाची तरतूद निघाली पाहिजे. जागा तिथे आहे, केंद्राची वीज वाहिन्यांत सोडणारे ४०० केव्हीचे स्विचयार्ड तिथे आहे, वाहिन्या तिथे आहेत. बंद संचाच्या जागी बॅटरी साठवण उभारायला याहून सोयीची जागा नाही. आणि पॅनेल बसवणे, त्यांची देखभाल करणे, अर्थिंग नीट करणे यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, ज्यांची टंचाई किती आहे हे माझ्या तीन खड्ड्यांच्या अनुभवावरून दिसतेच.

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे आपले शेवटचे कोळसा वीज केंद्र बंद केले. १८८२ मध्ये लंडनला सुरू झालेला प्रवास तिथे संपला. २०१२ मध्ये त्यांची सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती, म्हणजे बारा वर्षांत ती शून्यावर आली. आपली स्थिती तशी नाही हे मान्य करावे लागते. त्यांच्याकडे गॅस होता आणि विजेची मागणी घटत होती. आपल्याकडे ती दरवर्षी वाढते आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ‘बंद करणे’ याऐवजी ‘कमी करणे’ हा शब्द आला, त्यात भारताचा पुढाकार होता आणि त्याची कारणे खरी होती. पण कमी करणे हेही एक वचनच आहे आणि ते कोणत्या वर्षी, कोणता संच, किती टन अशा भाषेत लिहिले गेले तरच पाळले जाते. जुने २१० मेगावॉटचे संच युनिटमागे कोळसा सर्वाधिक खातात. सुरुवात तिथून व्हावी.

पैशांचे थोडक्यात. यंत्रणेपूर्वी आमचे वर्षाचे वीजबिल ४५ हजार रुपयांच्या जवळपास जात असे. गेल्या वर्षी स्थिर आकार आणि किरकोळ रकमा धरून दोन हजारांच्या आसपास गेले. या दराने १ लाख ३५ हजार रुपये साधारण सव्वातीन वर्षांत वसूल होतील. ज्यांचे बिल महिन्याला शंभर युनिटांच्या आत असते त्यांना इतक्या लवकर वसुली होणार नाही, त्यांनी १ किलोवॅटचा विचार करावा. आर्थिक वर्षाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर फार कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवून वीज विकून कमाई करण्याच्या सल्ल्याला भुलू नये.

पाचपैकी मी या यंत्रणेला चार गुण देतो, आणि बसवणाऱ्या एजन्सीला दोन. राखून ठेवलेला एक गुण संध्याकाळचा आहे. या वर्षी आम्ही निदान आमच्या वेळा बदलल्या: पाण्याची मोटार, कपडे धुण्याचे यंत्र आणि गिरणी सकाळी दहा ते दुपारी तीन यांतच चालते, इस्त्रीही दुपारी होते. १ ऑक्टोबरपासून वहीत मी नवा रकाना आखला आहे, सूर्यास्तानंतर ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांचा. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महिन्याभरात ते २१० होते. या वर्षी १७८ आले.